ऑफ-रोड गाडीचे तारे नेमके काय सांगतात

भारत एनकॅपचे सुरक्षा-मानांकन 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाले. गाडीला मिळणारे तारे त्यात मुख्यतः दोन धडकांवरून ठरतात. पहिल्या धडकेत गाडी ताशी 64 किलोमीटर वेगाने चेपणाऱ्या अडथळ्यावर आदळवली जाते आणि तिच्या तोंडाचा फक्त 40 टक्के भाग त्यावर बसतो. दुसऱ्या धडकेत 950 किलोचा गाडा ताशी 50 किलोमीटरने तिच्या कुशीत घुसतो. आतल्या डमींच्या डोक्याला, मानेला, छातीला आणि पायांना किती मार बसला यावरून गुण दिले जातात. तीन किंवा त्याहून अधिक तारे हवे असतील तर गाडी ताशी 29 किलोमीटरने आडवी खांबावर घालण्याची चाचणीही पार करावी लागते, शिवाय गाडी घसरताना सावरणारी ईएससी यंत्रणा असावी लागते. मोठ्यांच्या सुरक्षेत 32 पैकी 27 आणि मुलांच्या सुरक्षेत 49 पैकी 41 गुण ही पाच ताऱ्यांची किमान अट आहे.

डोंगरवाटांसाठी बनवलेल्या फोर बाय फोर गाड्यांनाही हीच फूटपट्टी लावली जाते, आणि ती लावणे गरजेचेच होते. जाड पत्रा, उंच बांधा आणि खाली भक्कम चॅसी असली की गाडी सुरक्षित, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. ग्लोबल एनकॅपने 2016 मध्ये एअरबॅग नसलेली महिंद्रा स्कॉर्पिओ तपासली तेव्हा तिला मोठ्यांच्या सुरक्षेत एकही तारा मिळाला नाही. अशा गाड्यांची शिडीसारखी चॅसी, म्हणजे लॅडर फ्रेम, सहजासहजी वाकत नाही. पण धडकेची ऊर्जा बॉनेटच्या भागात शोषली गेली नाही तर ती आत बसलेल्या माणसांपर्यंत पोहोचते. 2022 च्या डिसेंबरात याच कंपनीच्या नव्या स्कॉर्पिओ-एनला त्याच संस्थेकडून पाच तारे मिळाले. लॅडर फ्रेम हिलाही आहे; फरक पडला तो सांगाड्याच्या रचनेने आणि एअरबॅगांनी. मात्र मुलांच्या सुरक्षेत तिला तीनच तारे होते, आणि लहान मुले असलेल्या कुटुंबाने आधी तोच आकडा पाहायला हवा.

ताऱ्यांची तुलना करताना वर्ष आणि संस्था दोन्ही पाहावी लागतात. 2020 मध्ये ग्लोबल एनकॅपने महिंद्रा थारला चार तारे दिले, तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षेचे गुण 17 पैकी मोजले जात. 2024 मध्ये भारत एनकॅपने पाच दारांच्या थार रॉक्सला 32 पैकी 31.09 गुण आणि पाच तारे दिले. दोन्ही परीक्षांचा अभ्यासक्रमच वेगळा, त्यामुळे या चार आणि पाचमधले अंतर नुसते वजाबाकी करून कळत नाही. युरोपात तर तफावत आणखी मोठी दिसते. तिथे एकूण ताऱ्यांमध्ये पादचाऱ्यांची सुरक्षा आणि आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणाही धरल्या जातात. जीप रँग्लरला युरो एनकॅपने 2018 मध्ये एकच तारा दिला, आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा नसणे हे त्यामागचे एक मोठे कारण होते. पुढे ती यंत्रणा आल्यावर ऑस्ट्रेलियातल्या एएनकॅपने तिला तीन तारे दिले. सुझुकी जिम्नीलाही युरो एनकॅपने 2018 मध्येच तीन तारे दिले. तेव्हा एक तारा म्हणजे गाडी कागदाची आहे असे नव्हे. भारतातले पाच तारे म्हणजे युरोपातले पाच तारे, असेही नव्हे.

ऑफ-रोड गाडीचा खरा स्वभाव-धोका मात्र या गुणपत्रिकेत येतच नाही. तो म्हणजे उलटणे. गाडी किती सहज कलंडेल याचा एक साधा हिशेब आहे: दोन चाकांमधल्या रुंदीच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे. उत्तर जितके मोठे तितकी गाडी स्थिर. सेदान गाड्यांमध्ये हा आकडा साधारण 1.3 ते 1.5 असतो, उंच गाड्यांमध्ये बरेचदा 1 ते 1.3. समजा, चाकांमधले अंतर 150 सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून 70 सेंटिमीटरवर आहे. उत्तर आले 1.07. त्याच गाडीला लिफ्ट किट बसवून गुरुत्वमध्य 5 सेंटिमीटर वर गेला की आकडा थेट 1 वर येतो. टपावर तंबू, जादा टायर आणि डिझेलचे कॅन चढवले की तो आणखी घसरतो.

अमेरिकेत सरकारी संस्था 2001 च्या मॉडेलांपासून उलटण्याच्या धोक्याचे वेगळे तारे देते. भारत एनकॅपमध्ये तशी चाचणी नाही, आणि छप्पर किती भार पेलते हेही तपासले जात नाही. घाटरस्ते आणि ओढ्यांच्या वाटा ज्यांच्या रोजच्या आहेत त्यांच्यासाठी ही उणीव मोठी आहे. एकट्या गाडीच्या उलटण्याच्या घटनांपैकी सुमारे 95 टक्के घटनांत गाडी आधी कशाला तरी अडखळते, असे त्याच अमेरिकी संस्थेचे म्हणणे आहे. रस्त्याची मऊ साइडपट्टी, चर, बांध, कठडा. म्हणजे सपाट डांबरावर गाडी किती सरळ धावते यावरून फारसे काही कळत नाही.

2020 मध्ये जाहीर झालेल्या एका चाचणीत उलटण्याचा हा धोका प्रत्यक्ष दिसला. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने 2019 ची चार दारांची रँग्लर, चालकाच्या बाजूचा थोडासाच भाग आपटेल अशा रीतीने, ताशी 64 किलोमीटरने अडथळ्यावर नेली. आदळल्यावर ती पुढे सरकत एका कुशीवर आडवी झाली. डमीला मोजली गेलेली इजा कमी होती, चालकाची जागाही शाबूत राहिली. पण दारे आणि छप्पर काढता येणारी ही गाडी आडवी झाली की माणूस बाहेर फेकला जाण्याची भीती असते, आणि बाजूला पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग तिला नव्हती. संस्थेने मानांकन खाली आणले. डमीचे आकडे चांगले असूनही धोका उरतो, हे मान्य करणारा तो निर्णय योग्यच होता.

समोरच्या गाडीतल्या माणसांचे काय, हेही भारतातल्या ताऱ्यांत दिसत नाही. 2 टनांची एसयूव्ही आणि 1 टनाची छोटी गाडी, दोन्ही ताशी 50 ने समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या, तर एसयूव्हीच्या वेगात सुमारे 33 किलोमीटरचा बदल होतो आणि छोट्या गाडीच्या वेगात सुमारे 67 चा. दोन्ही गाड्या पाच ताऱ्यांच्या असल्या तरी आतल्या माणसांवरचा मार सारखा नसतो. बंपर उंचावर असेल तर तो छोट्या गाडीच्या मजबूत भागाला चुकवून वरच्या नाजूक भागात शिरतो. युरो एनकॅपने 2020 पासून चालत्या अडथळ्याची चाचणी आणली आणि समोरच्याला जास्त इजा करणाऱ्या गाडीचे गुण कापायला सुरुवात केली.

चाचणी होते ती कारखान्यातून आलेल्या गाडीची. मोठे टायर, उंच सस्पेन्शन, बाजारातली सीट किंवा पुढे लावलेला लोखंडी बुलबार यातल्या कशाचाही त्या गुणांत समावेश नसतो. बुलबारमुळे धडकेचा झटका थेट चॅसीत जातो, एअरबॅगच्या सेन्सरला मिळणारा इशारा बिघडू शकतो आणि पादचाऱ्याला होणारी इजा वाढते. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितले होते. टायर बदलले की ब्रेकचे अंतर बदलते, ईएससीचा अंदाजही चुकू शकतो. शिवाय अनेक गाड्यांत चिखल-वाळूच्या मोडमध्ये ही यंत्रणा सैल किंवा बंद केलेली असते, आणि डांबरी रस्त्यावर आल्यावर ती पुन्हा चालू करायची राहून जाते.

मानांकनातल्या डमींना सीटबेल्ट लावलेले असतात. वेग कमी आहे म्हणून चढणीवर किंवा ओढ्यात बेल्ट सोडून बसलेल्या माणसाला ते आकडे लागू पडत नाहीत. हळू कलंडणाऱ्या गाडीतही बेल्ट नसलेले शरीर छपरावर, काचेवर आणि शेजाऱ्यावर आदळते, आणि खिडकीबाहेर ठेवलेला हात गाडीखाली सापडतो.