फळावरची बुरशी: हिरवी, निळी की राखाडी?

बुरशी लागलेल्या फळांचे तुमचे बरेच फोटो आलेत आणि बहुतेकांचा प्रश्न एकच: "ही कुठली? आणि तेवढं कापून उरलेलं खाल्लं तर चालेल का?"

आधी संत्रं घेऊ. त्यावर नेहमी दिसतात त्या दोन बुरश्या, दोन्ही पेनिसिलियमच. सालीला ओरखडा असला की तिथून आत शिरतात. शेवाळी हिरवी भुकटी आणि भोवती रुंद पांढरी कड असेल, तर बहुधा पेनिसिलियम डिजिटॅटम. भुकटी निळसर आणि पांढरी कड अगदी बारीक, तर इटॅलिकम. ही निळी थंडीतही वाढते, आणि शेजारच्या चांगल्या फळालाही नुसत्या स्पर्शाने धरते. बघताना मोबाइलचा टॉर्च बाजूने मारा, कड नीट दिसते. वास मात्र घेऊ नका, बीजाणू थेट नाकात जातात.

स्ट्रॉबेरीवर राखाडी मखमल दिसली की बॉट्रायटिस. लांब पांढरे केस, टोकांना काळे ठिपके आणि खाली रस गळतोय? मग रायझोपस, पावावर येते तीच. द्राक्षांवर सगळीकडे सारखी पांढुरकी झाक असते ना, ती बुरशी नाही हं. ते फळाचंच मेण.

आता सफरचंद, आणि इथे मी जरा कडक बोलणार. त्यावरची निळी बुरशी, पेनिसिलियम एक्सपान्सम, पॅट्युलिन नावाचं विष तयार करते. ते सडक्या भागाच्या पुढेही झिरपतं आणि उकळूनही पूर्ण जात नाही. म्हणूनच आपल्याकडे सफरचंदाच्या रसात त्याची मर्यादा किलोमागे 50 मायक्रोग्रॅम ठरवलीय. डागाळलेली सफरचंदं "ज्यूसला चालतील" म्हणणं मला अजिबात पटत नाही.

"पण पेनिसिलिनही बुरशीतूनच येतं ना?" येतं की! 1943 मध्ये अमेरिकेतल्या पिओरियात एका बुरसटलेल्या खरबुजावर भरपूर पेनिसिलिन देणारी बुरशी सापडली होती. पण ती जात वेगळी, आणि औषध शुद्ध करून देतात. कुणी ते खरबूज खायला सांगितलं नव्हतं!

तर उत्तर: मऊ, रसाळ फळ असेल तर अख्खं टाका. बुरशीचे धागे आत कुठवर गेलेत ते डोळ्यांना दिसत नाही. फळ पिशवीत बांधून टाका, त्याला चिकटून असलेली फळं तपासा आणि फ्रीजचा तो कप्पा पुसून कोरडा करा.