फाइल निघाली, पण पोहोचली का? सर्व्हर ते सर्व्हर ट्रान्सफर फेल होतं तेव्हा

प्रवासात ऐकताना कमांड लिहून घेता येत नाहीत, म्हणून या भागाचा मजकूर इथे देतोय. निवांत वाचा.

आजचा विषय असा. एका सर्व्हरवरची फाइल दुसऱ्या सर्व्हरवर पाठवायची आहे आणि ती जात नाही. होस्टिंग असो, सपोर्ट असो की डेव्हऑप्स, पहिल्या नोकरीत हे काम अंगावर येतंच. मग बहुतेक जण काय करतात? तीच कमांड परत चालवतात. मग आणखी एकदा. अहो, लिफ्टचं बटण दहा वेळा दाबलं म्हणून लिफ्ट लवकर येते का?

फाइल पाठवणं हे एकच काम वाटतं, पण त्यात पायऱ्या आहेत. पत्ता सापडणं, दार उघडणं, ओळख पटणं, पलीकडे जागा मिळणं आणि सगळा माल नीट उतरणं. एरर कुठल्या पायरीवरची आहे हे कळलं की अर्धं काम झालं. त्यासाठी एससीपी किंवा आरसिंक चालवताना 'व्हर्बोज' पर्याय लावा, म्हणजे गाडी कुठे थांबली ते दिसतं.

पायरी १: पत्ता

'कुड नॉट रिझॉल्व्ह होस्टनेम' आलं, तर अजून काहीच निघालेलं नाही. आधी स्पेलिंग बघा. मग नावाऐवजी थेट आयपी ॲड्रेस देऊन बघा. आयपीवर जातंय, नावावर जात नाही, म्हणजे दोष डीएनएसचा.

पायरी २: दार

इथे दोन एरर येतात आणि लोक त्या एकच समजतात. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे तुम्ही दार वाजवलं आणि आतून लगेच 'नाही' असं उत्तर आलं. मशीन चालू आहे, पण त्या पोर्टवर सेवा चालू नाही, किंवा तुम्ही पोर्टच चुकीचा दिलाय. एसएसएचचा नेहमीचा पोर्ट २२, पण बरेच जण तो बदलून ठेवतात. 'कनेक्शन टाइम्ड आउट' म्हणजे दार वाजवलं आणि कुणी हूं की चूं केलं नाही. इथे पहिला संशय फायरवॉलवर, नाहीतर मशीनच बंद.

आणि ही तपासणी आपल्या लॅपटॉपवरून करू नका. जिथून फाइल निघणार आहे त्याच सर्व्हरवरून करा. फायरवॉल तुमच्या लॅपटॉपला आत सोडत असेल आणि त्या सर्व्हरला नाही, असं सर्रास होतं.

एफटीपीची गंमत वेगळी. लॉगिन होतं, पण फोल्डरची यादी येता येत नाही. कारण एफटीपीत बोलणं पोर्ट २१ वर होतं आणि डेटा दुसऱ्याच कनेक्शनवरून येतो. पॅसिव्ह मोड लावा आणि त्याचे पोर्ट फायरवॉलमध्ये उघडे आहेत का ते बघा.

पायरी ३: ओळख

'परमिशन डिनाइड, पब्लिक की' आलं तर युजरचं नाव तपासा, मग किल्लीची फाइल. प्रायव्हेट कीची परमिशन ६०० हवी, एसएसएच फोल्डरची ७००. ती जास्त मोकळी असेल तर एसएसएच किल्ली वापरायलाच नकार देतं.

हाताने चालवलं की जातं, रात्री क्रॉनमधून जात नाही? क्रॉन बहुधा दुसऱ्या युजरच्या नावाने चालतोय, त्याच्याकडे तुमची किल्ली नाही. किंवा किल्लीला पासफ्रेज आहे, आणि रात्री दोन वाजता तो टाइप करायला कुणी नाही.

'होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड' आलं, तर जुनी ओळ डोळे झाकून पुसू नका. सर्व्हर नव्याने बसवला असेल, पण मध्ये कुणी तिसरा बसलेला असण्याचीही शक्यता आहे. ॲडमिनला विचारून फिंगरप्रिंट जुळवा.

पायरी ४: जागा

'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' दिसतंय, पण डिस्कवर तर जागा आहे? मग आयनोड संपलेत का बघा. लाखो बारीक फाइल साठल्या की जागा उरते, पण नवीन फाइलची नोंद करायला रकाना उरत नाही.

दुसरं म्हणजे, आरसिंक आधी तात्पुरती प्रत लिहितं आणि मग जुनीच्या जागी ठेवतं. म्हणजे ४० जीबीची फाइल बदलायची तर पलीकडे आणखी जवळपास ४० जीबी मोकळे हवेत.

पायरी ५: उतरवणं

मोठी फाइल मध्येच तुटते? एससीपी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. आरसिंकला 'पार्शियल' पर्याय दिला तर आलेला भाग राखून पुढचं काम होतं. आणि कमांड टीमक्समध्ये चालवा, म्हणजे तुमचं वायफाय गेलं तरी सर्व्हरवरचं काम थांबत नाही.

शेवटी दोन्ही बाजूंना एसएचए-२५६ चेकसम काढा. जुळला तरच फाइल पोहोचली म्हणायचं.

एवढा खटाटोप कशाला?

३१ जानेवारी २०१७ चं गिटलॅबचं प्रकरण बघा. एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचं डेटाबेसचं फोल्डर उडवलं. हरकत नाही, रोजचा बॅकअप ॲमेझॉनच्या एस-३ वर जातोच की! उघडून बघितलं तर तिथे काहीच नाही. डेटाबेस होता पोस्टग्रेस ९.६, आणि बॅकअप काढणारं टूल चालत होतं ९.२ चं. ते रोज फेल होत होतं. फेल झाल्याचे ईमेलही निघत होते, पण डीमार्कच्या नियमात बसत नसल्याने समोरचा सर्व्हर ते नाकारत होता. म्हणजे बिघाडही गप्प आणि बिघाडाची खबरही गप्प.

वाचवलं ते त्याच दिवशी दुसऱ्या कामासाठी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने. तो सुमारे सहा तास जुना होता, त्यामुळे मधल्या वेळात डेटाबेसमध्ये झालेली नोंद कायमची गेली. आणि तो डेटा संथ डिस्कवरून मुख्य सर्व्हरवर कॉपी व्हायला साधारण १८ तास लागले. हे सगळं गिटलॅबने स्वतः जाहीरपणे लिहून ठेवलंय.

म्हणून मंडळी, ओरडून फेल होणारं ट्रान्सफर परवडलं, गुपचूप फेल होणारं नाही. स्क्रिप्टमध्ये एक्झिट कोड तपासा. आरसिंकने शून्य दिला तर ठीक, २३ दिला तर काही फाइल मागे राहिल्यात. आणि फक्त 'फेल झालं' या मेलवर विसंबू नका. 'आज एवढ्या फाइल, एवढे जीबी पोहोचले' असा रोजचा मेसेज लावा. ज्या दिवशी तो येणार नाही, त्या दिवशी उठून बघायचं.

उद्या ऑफिसला गेलात की एवढं एकच करा. रात्रीच्या बॅकअपमधली कुठलीही एक फाइल परत आणा आणि उघडून बघा. उघडली तर चहा प्या. नाही उघडली, तर पायरी एकपासून सुरू करा.

भेटूया पुढच्या भागात!