मोटारीचे दुखणे : एका आठवड्याची गोष्ट

गेल्या पावसाळ्यातली ही गोष्ट आहे. माझा भाचा आणि भाचेसून पुण्याला राहतात. तेव्हा त्यांच्या लग्नाला जेमतेम दीड महिना झाला होता. दोघांनी साठवलेल्या पैशांतून एक जुनी मोटार घेतली होती आणि येत्या रविवारी तिच्यातून जेजुरीला खंडोबाच्या दर्शनाला जायचे ठरवले होते. पण त्याआधीचे सहाही दिवस गाडीने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. रोज नवी तक्रार!

या तक्रारींमागे जे विज्ञान आहे, ते बहुतेक सारे तुमच्या शाळेच्या पुस्तकात आहे. तेव्हा आपण त्यांच्याबरोबर एकेक दिवस पुढे जाऊ. वाचता वाचता तुम्हीही डॉक्टर व्हा आणि रोगाचे निदान करून पाहा.

सोमवार : टक् टक् टक्

सकाळी भाच्याने चावी फिरवली. एंजिन सुरू होण्याऐवजी नुसताच "टक् टक् टक्" असा आवाज आला. दिवे लागत होते, पण मंद. शेवटी शेजारच्या तिघाचौघांनी धक्का मारला तेव्हा गाडी सुरू झाली. "बॅटरी उतरलीय," असे सर्वांनी एकमुखाने सांगितले.

मोटारीच्या बॅटरीत सहा घट असतात. प्रत्येकाचा दाब 2 व्होल्टहून थोडा जास्त, म्हणून सगळ्यांचा मिळून सुमारे 12 व्होल्ट. घटात शिशाची व शिशाच्या डायऑक्साइडची पत्रे विरल सल्फ्युरिक आम्लात बुडवलेली असतात. बॅटरीतून वीज घेतली, की दोन्ही प्रकारच्या पत्र्यांवर शिशाचे सल्फेट साचते आणि आम्ल पातळ होत जाते. उलट दिशेने वीज सोडली, की ही क्रिया उलटते आणि बॅटरी पुन्हा भरते. असा भरता येणारा घट फ्रान्सच्या गास्ताँ प्लान्ते यांनी 1859 साली तयार केला.

एंजिन सुरू करणाऱ्या मोटरला, म्हणजे स्टार्टरला, क्षणभर का होईना पण शंभर-दीडशे अँपिअर प्रवाह लागतो. उतरलेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. एवढा मोठा प्रवाह ओढला, की तिचा दाब एकदम खाली येतो. स्टार्टरची कळ विद्युत्चुंबकाने ओढली जाते. दाब पडला की ती सुटते, भार गेला की दाब वाढतो आणि ती पुन्हा ओढली जाते. "टक् टक्" आवाज येतो तो या ओढाताणीचा.

बॅटरी उतरली होती हे खरे. पण ती का उतरली, हे कोणीच विचारले नाही.

मंगळवार आणि बुधवार : नवी बॅटरी, नवा आवाज

मंगळवारी भाच्याने नवी बॅटरी बसवली. जुनी मोडीत गेली. महिन्याच्या खर्चाला चांगलीच कात्री लागली, पण गाडी एका फटक्यात सुरू झाली आणि दोघेही खूश झाली.

बुधवारी रात्रभर पाऊस पडला. सकाळी एंजिन सुरू करताच बॉनेटखालून "चीं ऽ ऽ" असा कर्कश आवाज आला आणि पाचदहा सेकंदांत थांबला. "पावसाने झाले असेल," असे म्हणून भाच्याने तिकडे दुर्लक्ष केले. तुम्ही मात्र हा आवाज लक्षात ठेवा.

गुरुवार : मंद होणारे दिवे

गुरुवारी संध्याकाळी दोघे दोन तास पावसात रहदारीत अडकली. दिवे चालू, काच पुसणारे वायपर चालू. गाडी उभी राहिली की दिवे पिवळट होत, अॅक्सिलरेटर दाबला की पुन्हा उजळत. समोरच्या तक्त्यावरचा बॅटरीचे चित्र असलेला तांबडा दिवाही अधूनमधून लुकलुकू लागला.

आता थोडे गणित करू. समोरचे दोन दिवे प्रत्येकी 55 वॅटचे, म्हणजे एकूण 110 वॅट. त्याला 12 व्होल्टने भागले, तर प्रवाह सुमारे 9 अँपिअर येतो. वायपर, मागचे दिवे, एंजिनातील ठिणगी यांचे मिळून आणखी 6 अँपिअर धरले, तर एकूण 15 झाले. बॅटरीची क्षमता 36 अँपिअर-तास असेल, तर ती भरली गेली नाही तर किती वेळ पुरेल? 36 भागिले 15, म्हणजे अडीच तासांपेक्षाही कमी!

मग रोजची बॅटरी वर्षानुवर्षे कशी पुरते? कारण गाडी चालू असताना वीज बॅटरी पुरवतच नाही, आल्टरनेटर पुरवतो. मिस्त्री लोकांच्या तोंडी तो अजूनही डायनामोच. फॅराडे यांनी 1831 मध्ये शोधलेल्या विद्युत्चुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर तो चालतो. त्याला फिरवते एंजिन. तो सुमारे 14 व्होल्टने सगळ्या दिव्यांना वीज देतो आणि बॅटरीही भरतो. स्टार्टरने 150 अँपिअर प्रवाह 3 सेकंद घेतला, तरी खर्च होतो फक्त अष्टमांश अँपिअर-तास. आल्टरनेटर तो काही मिनिटांत भरून काढतो.

तांबडा दिवा आल्टरनेटर व बॅटरी यांच्यामध्ये जोडलेला असतो. दोन्ही बाजूंचा दाब सारखा असला, की त्यातून प्रवाह जात नाही. तो लागला याचा अर्थ आल्टरनेटर मागे पडला. गाडी गुरुवारी हे स्पष्ट सांगत होती, फक्त तिची भाषा कोणी वाचत नव्हते.

शुक्रवार आणि शनिवार : वहीतल्या नोंदी

शुक्रवारी नवी बॅटरीसुद्धा उतरली. "दुकानदाराने फसवले," असे भाचा म्हणाला. भाचेसुनेला ते पटले नाही. शनिवारी भाचा बॅटरी चार्ज करून आणायला गेला, तेव्हा तिने एका वहीत प्रत्येक दिवसाची तक्रार, वेळ आणि हवा लिहून काढली. भाचा परत आल्यावर म्हणाला, "अगं, गाडी आहे ही, प्रयोगवही नव्हे!" पण वही गाडीत ठेवली गेली, हे बरे झाले.

रविवार : दिवे घाट

रविवारी आभाळ उघडले. हडपसर मागे टाकून दोघे दिवे घाटाला लागली. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सासवडला जाते, तो हाच घाट. पुढे मालट्रकांची रांग असल्याने गाडी खालच्या गिअरमध्ये रखडत चढत होती. उष्णतामापकाचा काटा वर सरकू लागला आणि थोड्याच वेळात बॉनेटच्या फटींतून वाफ येऊ लागली.

एक लिटर पेट्रोल जळले, की सुमारे 3 कोटी 20 लाख ज्यूल उष्णता निघते. तिचा जेमतेम चौथा हिस्सा चाके फिरवायला मिळतो. बराच भाग धुराबरोबर बाहेर पडतो आणि साधारण एक तृतीयांश एंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याला मिळतो. एवढ्या उष्णतेने तीस लिटरांहून अधिक गार पाणी उकळीला येईल! म्हणून पंप हे पाणी सतत फिरवतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून ते जाते आणि पंख्याचा वारा त्याला थंड करतो. घाटात एंजिनाला श्रम जास्त आणि गाडीचा वेग कमी. समोरून वारा नाही, म्हणजे सारी भिस्त पंप आणि पंखा यांवर.

भाच्याने गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले, हातात फडके धरले आणि पाणी ओतण्यासाठी तो रेडिएटरचे टोपण फिरवणार इतक्यात भाचेसून ओरडली, "अरे, थांब! हात लावू नकोस! वाफ जिरल्याशिवाय कुकरचे झाकण उघडतोस का?"

तिची उपमा अगदी बरोबर होती. रेडिएटरचे टोपण घट्ट बसलेले असते ते आतला दाब वाढावा म्हणूनच. दाब वाढला, की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. 1679 साली दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने बनवलेल्या पहिल्या प्रेशर कुकरचे तत्त्व हेच. वातावरणापेक्षा निम्म्या वातावरणाइतका दाब जास्त असला, तर पाणी सुमारे 110 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. आता टोपण काढले तर? दाब एकदम उतरेल. एक किलोग्रॅम पाणी 110 वरून 100 अंशांवर येताना सुमारे 42,000 ज्यूल उष्णता सोडेल. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला 2,260 ज्यूल लागतात. म्हणजे 18 ते 19 ग्रॅम पाण्याची तत्क्षणी वाफ होईल आणि ती जागा व्यापेल तीस लिटरांच्या आसपास! ही वाफ उकळते पाणी बरोबर घेऊन तोंडावर आणि हातांवर उसळते. अशा वेळी हातातले फडके काय कामाचे?

दोघे पाऊण तास थांबली. एंजिनावर गार पाणीही त्यांनी ओतले नाही. तापलेल्या काचेच्या पेल्यासारखे तापलेले बिडाचे लोखंडही एकदम गार केले तर तडकू शकते.

निदान

थांबल्या वेळात भाचेसुनेने वही उघडली. बॅटरीची तक्रार आणि पाणी तापण्याची तक्रार, या दोन दुखण्यांचा एकमेकांशी काय संबंध? तिने एंजिनाकडे निरखून पाहिले. आल्टरनेटर, पंप आणि पंखा या तिघांना फिरवणारी वस्तू एकच होती : रबराचा एक पट्टा, म्हणजे फॅन बेल्ट. एंजिन बंद होते. तिने पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबले. तो सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर दबायला हवा. हा सहज तीनचार सेंटिमीटर आत गेला! त्याच्या कडाही काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या.

पट्टा चाक फिरवतो तो घर्षणाच्या जोरावर. त्याचा छेद पाचरीसारखा असतो. तो ताणला, की कप्पीच्या खाचेत रुतून बसतो आणि दोन्ही कडांनी पकड घेतो. ताण गेला, की पकड गेली आणि पट्टा घसरू लागतो.

आता सगळ्या तक्रारी जुळवा. सायकलचा डायनामो लावला, की पायडल जड होते, हे तुमच्यापैकी काहींनी अनुभवले असेल. जितकी वीज जास्त मागाल, तितका डायनामो फिरवायला जड. एंजिन सुरू होताच बॅटरी भरून मागते, आल्टरनेटर जड होतो आणि ओला, सैल पट्टा घसरतो : ही बुधवारची "चीं". घसरणाऱ्या पट्ट्यामुळे आल्टरनेटर हळू फिरतो : हे गुरुवारचे मंद दिवे. बॅटरी भरली जात नाही : हे सोमवार आणि शुक्रवार. पंप आणि पंखा मागे पडतात : हा रविवार. दुखणी अनेक, कारण एक!

एका ट्रकड्रायव्हरने गाडी थांबवून मदत केली. आल्टरनेटरचा बोल्ट सैल करून, टॉमीने तो बाहेर रेटून त्याने पट्टा ताणला आणि बोल्ट पुन्हा आवळला. रेडिएटर निवल्यावर टोपण सावकाश उघडून पाणी भरले. दुपारी दोनला दोघे जेजुरीला पोचली आणि रिवाजाप्रमाणे भाचा बायकोला उचलून पाच पायऱ्या चढला. सोमवारी नवा पट्टा बसवला, त्याला बॅटरीच्या मानाने अगदीच थोडे पैसे पडले. जुनी बॅटरी खरोखर खराब होती की नाही, हे मात्र आता कधीच कळणार नाही.

करून पाहा

एका फळीवर दोन खिळे ठोकून त्यांवर दोऱ्याची दोन रिकामी रिळे बसवा आणि दोन्हींवरून एक रबरबँड चढवा. एक रीळ फिरवा, दुसरेही फिरेल. आता दुसरे रीळ बोटाने हलकेच दाबून धरा. रबर कधी घसरते? मग खिळे थोडे जवळ ठोकून रबर सैल करा, नंतर ते ओले करा आणि तोच प्रयोग पुन्हा करा. प्रत्येक वेळी काय दिसले ते वहीत लिहून ठेवा. वहीचा उपयोग किती होतो, ते तुम्ही आताच वाचले आहे.