देवाची वेळ आणि समोरच्याचा होकार

 

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या प्रत्येकाने पंचविशीनंतर एक वाक्य ऐकलेलं असतं. “काळजी करू नको, देवाच्या वेळेत होईल.” माझं बी.टेक. झालंय, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी आहे, तिशी जवळ आलीय आणि लग्न अजून व्हायचंय. त्यामुळे हे वाक्य मला दर रविवारी भक्ती संपली की चर्चच्या दारातच मिळतं. सांगणाऱ्या मावशी-काका प्रेमानेच सांगतात. पण देवाची वेळ म्हणजे नेमकं काय, हे कोणी उलगडून सांगत नाही. आज तेच बघू.

या वाक्याचे दोन अर्थ आपल्याकडे चालतात. पहिला असा, की आपण काहीच करायचं नाही. स्थळ बघायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही, एक दिवस देव माणूस दारात आणून उभा करेल. दुसरा अर्थ जास्त त्रासदायक. प्रार्थना ग्रुपमधला एखादा मुलगा एखाद्या मुलीला सरळ सांगतो, “देवाने मला दाखवलंय, तूच माझी बायको होणार.” आता ती बिचारी नाही कसं म्हणणार? नाही म्हटलं तर जणू देवालाच नाही म्हटल्यासारखं. दोन्ही अर्थांत एक गोष्ट गळून पडते, ती म्हणजे समोरच्या माणसाची इच्छा.

बायबलमध्ये लग्न जुळवण्याची सगळ्यात सविस्तर गोष्ट उत्पत्तीच्या २४व्या अध्यायात आहे. अब्राहाम आपल्या सेवकाला मुलासाठी, म्हणजे इसहाकासाठी, बायको शोधायला पाठवतो. सेवक प्रार्थना करतो, पण त्याआधी दहा उंट घेऊन लांबचा प्रवास करतो आणि जिथे पाणी भरायला मुली येतात, त्या विहिरीपाशीच थांबतो. म्हणजे प्रार्थनाही आहे आणि पायपीटही.

तो देवाकडे खूण मागतो. जी मुलगी मला पाणी देईल आणि माझ्या उंटांनाही पाजेन म्हणेल, ती. आपण खूण म्हटलं की योगायोग समजतो. रविवारी तिचा मेसेज आला म्हणजे देवाची इच्छा, असं काहीतरी. पण एक तहानलेला उंट एका वेळी शंभर लिटरच्या आसपास पाणी पिऊ शकतो, आणि इथे दहा उंट होते. अनोळखी माणसासाठी एवढं पाणी शेंदणारी रिबका मनाने कशी असेल, ते त्यातून कळतं. सेवकाने स्वभावाची परीक्षा घेतली.

याच अध्यायात एक गोष्ट आपण घाईत वाचून पुढे जातो. निघण्याआधी सेवक विचारतो, मुलगी यायला तयार झाली नाही तर? अब्राहाम म्हणतो, मग तू तुझ्या शपथेतून मोकळा. देव आपला दूत पुढे पाठवेल, यावर त्याचा पूर्ण विश्वास आहे, तरी मुलीच्या नकाराला त्याने जागा ठेवलीय. शेवटी घरचे रिबकेला बोलावून विचारतात, या माणसाबरोबर जातेस का? ती स्वतः होकार देते, तेव्हाच ती निघते.

आता आपल्या नगरकडे येऊ. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक ही नावं शाळेत सगळ्यांनी ऐकलीत. त्यांचं लग्न झालं तेव्हा लक्ष्मीबाई जेमतेम अकरा वर्षांच्या होत्या. त्या काळात मुलीला कोण विचारणार? पुढे फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंना हा धक्का फार मोठा होता. त्या काही वर्षं नातेवाइकांकडे वेगळ्या राहिल्या. टिळक नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले.

नंतर त्या टिळकांकडे आल्या, पण ख्रिस्ती होऊन नाही. सुरुवातीला सोवळं-ओवळं सांभाळून, स्वयंपाक वेगळा ठेवून राहिल्या. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा विचार त्यांनी स्वतःच्या डोक्याने केला. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. म्हणजे नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. हे सगळं त्यांनीच ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहून ठेवलंय. ते पुस्तक १९३४ पासून भागांमध्ये प्रसिद्ध झालं.

मला ही पाच वर्षं महत्त्वाची वाटतात. लग्नाच्या वेळी जो होकार त्यांना कोणी विचारलाच नव्हता, तो विश्वासाच्या बाबतीत त्यांनी स्वतःच्या वेळेने दिला. ती वेळ टिळकांच्या कॅलेंडरवर ठरली नव्हती.

माझ्या कामातलं उदाहरण देतो. आपण दुसऱ्या सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवू शकतो, नीट पाठवू शकतो, पण त्याचा रिस्पॉन्स आपण लिहू शकत नाही. आपण लिहिला तर तो रिस्पॉन्सच नव्हे. वाट पाहणं म्हणजे एवढंच. आपलं काम करायचं आणि उत्तराची जागा मोकळी ठेवायची.

चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार मंडळीसमोर नावं पुकारायची जुनी पद्धत आहे. कोणाची हरकत असेल तर सांगा, असं त्यात विचारतात. लग्नाच्या विधीतही पाळक दोघांना वेगवेगळं विचारतात. हो तिचा आणि हो त्याचा, दोन्ही स्वतंत्र.

मग आपण करायचं काय? बायोडेटा द्यायचा असेल तर द्या, त्यात विश्वास कमी पडत नाही. घरच्यांना, पाळकांना स्पष्ट सांगा की शोधताय. भेटायला गेलात तर पगार आणि रंगाच्या आधी हे बघा, की ही व्यक्ती चहा आणून देणाऱ्याशी कशी बोलते. आणि कोणी “देवाने दाखवलंय” म्हणालं, तर शांतपणे सांगा, “मला दाखवलं नाही अजून.” एवढं पुरे. त्याने देवाचा अपमान होत नाही.

आणखी एक. पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ७व्या अध्यायात एकटं राहणं हेही देवाचं दान म्हणतो, आणि तो स्वतः तसाच राहिला. त्यामुळे ज्यांचं लग्न झालं नाही, त्यांची देवाची वेळ चुकली असं कोणी म्हणू नये. मावशींनीही नाही.

पुढच्या वेळी कोणी “देवाच्या वेळेत होईल” म्हणालं, तर हसून आमेन म्हणा. फक्त मनात ठेवा, की त्या वेळेत आणखी एका माणसाचा मोकळा होकार धरलेला आहे, आणि तितकाच मोकळा तुमचाही.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. सलाम.