कारंज्याचा छत्तीस चित्रांचा हिशेब

ज्या गावाला दिल्ली वेस आहे, त्या गावाची नजर कधीकाळी किती लांब पोचत असेल, याचा अंदाज करावा. कारंजा (लाड) या वाशिम जिल्ह्यातील गावाला चार वेशी : दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस आणि मंगरूळ वेस. आज तालुक्याचे ठिकाण म्हणून ओळखले जाणारे हे गाव सतराव्या शतकात वऱ्हाडातील धनाढ्य पेठ होते. शीलविजय या श्वेतांबर मुनींनी आपल्या तीर्थमालेत येथील बघेरवाल श्रावकांच्या वैभवाची नोंद केली. १६७० मध्ये सुरतेच्या दुसऱ्या स्वारीपाठोपाठ शिवाजी महाराजांचे सैन्य कारंज्यावर चालून आले, तेही उगाच नव्हे. तेव्हा कारंजेकराने आपल्या गावाला महानगर म्हटले, तर पाहुण्याने हसू नये. त्याने फक्त तीनशे-साडेतीनशे वर्षे मागे जाऊन ऐकावे.

अलीकडे या गावात एक नवा पाहुणा दिसू लागला आहे. त्याच्या गळ्यात जुना, हाताने फिरवायचा कॅमेरा असतो आणि खिशात फिल्मचे रोल. मोबाईलवर क्षणात शंभर चित्रे निघतात, त्या काळात तरुण मुले पुन्हा रोलकडे वळली आहेत. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यापासून कारंजा वाटेवरचे गाव झाले. रेल्वेने येणाऱ्याला मुंबई-हावडा मार्गावरील मुर्तिजापूर जवळ पडते. अशा पाहुण्याला गाव कसे दाखवावे, आणि गाव दाखवताना आपण काय जपावे, याचा हा हिशेब.

रोल म्हणजे भांडवल

३५ मिलिमीटरच्या एका रोलमध्ये छत्तीस चित्रे येतात. जुन्या घरांच्या माळ्यावर अजून सापडणाऱ्या बडोद्याच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यात तर बाराच. चित्र काढले की ते खर्ची पडले. पुसून पुन्हा काढता येत नाही. व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. भांडवल मोजके असले की माल पारखून घेतला जातो, तसे रोल मोजका असला की डोळा पारखून पाहतो.

वऱ्हाडच्या उन्हात प्रकाशमापक यंत्र नसले तरी अडत नाही. स्वच्छ ऊन असेल तेव्हा भिंगाचे छिद्र सोळावर ठेवावे आणि फिल्मचा जो वेगांक असेल, सेकंदाचा साधारण तितकावा भाग झडप उघडावी. शंभर वेगांकाच्या फिल्मला एकशेपंचविसावा भाग पुरतो. मात्र एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा रोल मोटारीत ठेवू नये. उष्णतेने फिल्मचे रंग बिघडतात. कार्तिक ते माघ हे येथील चित्रणाचे महिने. ऊन तिरपे, हवा कोरडी आणि कापूस बाजारात.

पाच चित्रे वेशींची, सहा बाजाराची

ज्या वेशीचे तोंड उगवतीकडे, तिचे चित्र सकाळी घ्यावे; मावळतीकडच्या वेशीचे संध्याकाळी. नुसत्या दगडाचे चित्र कोरडे वाटते. वेशीखालून दूधवाला, शाळेची मुले, बैलगाडी जाईपर्यंत थांबावे. वेस बांधली गेली ती माणसांच्या जाण्यायेण्यासाठी, आणि तिचे खरे रूप त्या जाण्यायेण्यातच आहे. गुरुमंदिराकडे जाणारी भाविकांची वाटही पाहावी. श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्त येथे दूरदूरहून येतात. वैदिक आणि श्रमण या दोन्ही परंपरांचे यात्रेकरू एकाच बाजारात नारळ-खडीसाखर घेतात, हे कारंज्याचे जुने भूषण आहे.

बाजारात पेढीवरच्या माणसाला आधी ‘जय जिनेंद्र’ म्हणावे, मग चित्राविषयी विचारावे. जुन्या पेढ्यांवर गादी, तक्क्या, लाल कापडाची चोपडी आणि भिंतीवर हार घातलेल्या वाडवडिलांच्या तसबिरी अजून दिसतात. उघड्या चोपडीचे चित्र मात्र कधीही घेऊ नये. दुसऱ्याचा हिशेब ही त्याच्या घरची गोष्ट असते.

आठ चित्रे मंदिरांची

कारंज्याचे खरे वैभव मंदिरांत आहे. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन भट्टारक परंपरांची मंदिरे एकाच गावात असावीत, हे क्वचित आढळते. काष्ठासंघाच्या मंदिरातील लाकडी कोरीवकाम पाहणाऱ्याला खिळवून ठेवते. या मंदिरांच्या भांडारांतील हस्तलिखितांची नोंद रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या १९२६ च्या सूचीत केली. त्यातूनच कारंजा जैन ग्रंथमाला उभी राहिली. प. ल. वैद्यांनी संपादित केलेले ‘जसहरचरिउ’ १९३१ मध्ये, तर डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेले ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुष्पदंतासारखा अपभ्रंशाचा महाकवी विद्वानांच्या हाती आला, त्यात या गावाच्या कपाटांचा वाटा मोठा आहे. १९१८ मध्ये समंतभद्र महाराजांनी येथेच महावीर ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना केली.

येथे पाहुण्याने काही मर्यादा पाळाव्यात. विश्वस्तांची परवानगी पहिली. जुन्या कॅमेऱ्यांची पेटी आणि गळपट्टा बहुधा चामड्याचे असतात. ते बाहेर काढून ठेवावेत आणि कापडी पट्टा लावावा. ही सूचना अनेकांना दारात आल्यावर मिळते आणि मग पाहुणा आणि पुजारी दोघेही अवघडतात. यजमानाने ती घरीच द्यावी. फ्लॅश कोठेही नको. जुन्या रंगांना आणि ताडपत्र-कागदाला तीव्र प्रकाश सोसत नाही, आणि सामायिकात बसलेल्या माणसाची एकाग्रता त्याहून नाजूक असते. सभामंडपातील मंद उजेडासाठी चारशे वेगांकाची कृष्णधवल फिल्म घ्यावी, श्वास रोखून, कोपरे छातीशी टेकवून झडप दाबावी. मुनिश्रींची आहारचर्या सुरू असता कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा. झडपेचा ‘खट्’ आवाजही त्या वेळी मोठा असतो.

एक अडचण हमखास येते. चित्रकाराला प्रिय असलेला सोनेरी उजेड आणि भोजनशाळेची शेवटची पंगत एकाच वेळी असतात. सूर्यास्तानंतर पान मिळणार नाही. पाहुण्याने एक संध्याकाळ उजेडाला द्यावी आणि एक पंगतीला; दोन्हीचा अनुभव घेतल्याशिवाय गाव कळत नाही.

चार चित्रे थांबलेल्या गाडीची

मुर्तिजापूर-यवतमाळ ही ‘शकुंतला’ गाडीची अरुंद वाट कारंज्यावरून जाते. रूळांतील अंतर अवघे अडीच फूट. किलिक-निक्सन कंपनीने ही वाट कापसासाठी उभारली. वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तेथून मँचेस्टरला जाई. आणि त्याच मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन ही गाडी ओढी. १५ एप्रिल १९९४ रोजी ते निवृत्त होऊन डिझेल इंजिन आले, आणि पुढे गाडीही थांबली. रूळांवर गवत वाढले आहे. ज्या घराण्यांच्या गाठी या डब्यांतून गेल्या, त्यांच्या नातवंडांनी तरी हे चित्र घेऊन ठेवावे.

पाच चित्रे शिरपूरची, दोन वाशिमची

मालेगाव तालुक्यातील शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथ भगवंत विराजमान आहेत. एलिचपूरच्या श्रीपाल राजाची कथा आणि मूर्तीखालून वस्त्र सरकते ही श्रद्धा घरोघरी माहीत आहे. १९८१ पासून बंद असलेले हे द्वार सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये दर्शनासाठी उघडले. दोन्ही आम्नायांच्या भावना येथे हळव्या आहेत. म्हणून कॅमेरा येथे फार जपून वापरावा. गाभाऱ्यापेक्षा वाट, पायऱ्या, यात्रेकरूंचे चेहरे आणि गावाबाहेरील दगडी पवळी मंदिराचे बाह्य कोरीवकाम यांवर पाचही चित्रे खर्च करावीत. दर्शन डोळ्यांनी घ्यायचे असते.

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याची कित्येक लेणी याच शाखेच्या हरिषेणाच्या काळातील. अजिंठ्याची भित्तिचित्रे वर्षानुवर्षे हाताने उतरवणारा रॉबर्ट गिल पुढे कॅमेऱ्याकडे वळला आणि त्याची अजिंठा-वेरूळची छायाचित्रे १८६४ मध्ये पुस्तकरूपाने आली. बालाजी मंदिर आणि त्याजवळच्या देवतळ्याची दोन चित्रे घेताना, या प्रदेशाशी छायाचित्रकलेचा संबंध किती जुना आहे, ते आठवावे.

एक प्रश्न, जो टाळता येत नाही

एवढे सांगितल्यावर जैन घरात एक प्रश्न उरतो. फिल्मवर प्रकाश टिपणारे चांदीचे क्षार ज्या पारदर्शक थरात धरलेले असतात, तो थर जिलेटिनचा असतो. आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून बनते. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज वैद्याने ही रीत सुचवली, आणि आजही बाजारातील फिल्म तिच्यावरच उभी आहे. कोडॅक कंपनीच्या शास्त्रज्ञांना १९२० च्या दशकात असे आढळले की, जनावरांच्या चाऱ्यात मोहरीवर्गीय वनस्पती असल्या, तर त्यांतील गंधकयुक्त अंशामुळे फिल्म अधिक संवेदनशील होते. फिल्मच्या थराचा त्या जनावराशी संबंध इतका निकटचा आहे.

हे ठाऊक नसताना आपल्या आजोबांनी लग्नांचे, दीक्षामहोत्सवांचे, पंचकल्याणकांचे फोटो काढून घेतले. कपाटांतील ते बहुतेक सारे कृष्णधवल फोटो जिलेटिनच्याच थरावर आहेत. ते टाकून द्यावेत, असे कोणी म्हणणार नाही. परंतु आज नवा रोल घेताना, आणि विशेषतः दुकानात रोल विकायला ठेवताना, जाणतेपणाची जबाबदारी येते. श्रावकाचारात पंधरा कर्मादानांमध्ये दंतवाणिज्य, म्हणजे प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार, वर्ज्य सांगितला आहे. रोलची डबी त्या कक्षेत येते की नाही, हे प्रत्येक घराने गुरुजनांना विचारून ठरवावे. मात्र ‘माहीत नव्हते’ असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

ज्यांना हा थर नको, त्यांच्यासाठी वाटा आहेत. डिजिटल कॅमेऱ्यात हा थर नसतो. १८४२ मध्ये जॉन हर्शेलने शोधलेल्या निळ्या छाप्याच्या रीतीत लोहक्षार लावलेला कागद उन्हात ठेवतात आणि पाण्यात धुतात. त्या लेपाला जिलेटिन लागत नाही. कागदाला मात्र जिलेटिनची खळ नसल्याची खात्री करून घ्यावी. वऱ्हाडात उन्हाला तोटा नाही. मुलांनी पिंपळाचे गळलेले पान अशा कागदावर ठेवून निळे चित्र करावे. फुले-पाने तोडू नयेत, पडलेली घ्यावीत.

आणि जो पाहुणा रोल वापरणारच आहे, त्याला घरात रोल धुवायला जागा दिली, तर एवढे सांगावे : वापरलेला हायपो मोरीत किंवा विहिरीजवळ ओतू नये. त्यात चांदी उतरलेली असते. पाण्यातील जीवांना ती घातक. सराफ्यातील जुन्या माणसांना हायपोतून चांदी काढण्याचा धंदा ठाऊक आहे. रसायन साठवून योग्य हाती देणे, हा हिशेबही आहे आणि अहिंसाही.

उरलेली सहा

पाच, सहा, आठ, चार, पाच आणि दोन. तीस चित्रे झाली; सहा उरली. ती गावातील घरांसाठी आहेत. लाकडी खांबांचे, चौकाचे वाडे एकामागून एक उतरवले जात आहेत. जागा अपुरी पडते, भावंडे पुण्या-मुंबईला गेलेली असतात, डागडुजीचा खर्च झेपत नाही. यात कोणाचा दोष काढण्यासारखे काही नाही. पण वाडा उतरण्यापूर्वी त्याची देवळी, जिना, धान्याची बळदे आणि ओसरीवर बसलेली आजी यांचे एक एक चित्र तरी राहावे. ते रोलवर असो, डिजिटल असो वा निळ्या छाप्याचे असो. मागे पेन्सिलीने नाव, नाते, गाव आणि तिथी लिहावी. कपाटातील कितीतरी तसबिरी आज मुक्या झाल्या आहेत, कारण मागची बाजू कोरी राहिली. आणि त्यांतील माणसे ओळखणारे शेवटचे डोळेही आता थकले आहेत.

पाहुणा रोल संपवून निघून जाईल. त्याला वेशीपर्यंत पोचवून परत येताना, आपल्या घरातील ती सहा चित्रे झाली का, हे एकदा पाहावे. आजीला या पर्वात खुर्चीवर नव्हे, तिच्या नेहमीच्या जागी बसवावे, आणि तिलाच विचारून मागच्या पिढीची नावे त्याच दिवशी लिहून काढावीत.