दिवेलागण ओळखणारा कंदील

आकाशकंदिलात बल्ब सोडला, बटण दाबलं की झालं. मग त्यात मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रामवर चालणारी चिप, कशाला? कारण शिकायला दिव्यासारखं साधन नाही. जमलं तर लागतो, चुकलं तर लागत नाही. वादाला जागाच उरत नाही.

सामान थोडं लागतं : ही चिप बसवलेला आर्डुइनो उनो बोर्ड, ब्रेडबोर्ड, लाल एलईडी, २२० ओहम आणि १० किलोओहमचा एकेक रेझिस्टर, एक एलडीआर (उजेडानुसार रोध बदलणारा सेन्सर) आणि जम्पर वायरी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत एका फेरीत हे सगळं मिळतं. आर्डुइनोचा जन्म २००५ साली इटलीतल्या इव्रिया गावी, एका डिझाइन संस्थेत झाला. सर्किटशी कधी संबंध न आलेल्या विद्यार्थ्यांनाही तो वापरता यावा, हा हेतू. आराखडा खुला असल्यामुळे दुकानात मिळणारा स्वस्त क्लोनही चालतो. फक्त यूएसबी केबल डेटा नेणारी हवी. निव्वळ चार्जिंगची केबल लावली तर बोर्डावरचा दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला बोर्ड दिसतच नाही.

आता जोडणी. एलईडीचा लांब पाय धन, आखूड पाय ऋण; पाय कापलेले असतील तर कडेची सपाट बाजू ऋण समजायची. बोर्डाच्या ९ नंबरच्या पिनपासून रेझिस्टर, तिथून लांब पाय, आणि आखूड पाय ग्राउंडला. ब्रेडबोर्डवर मधल्या खाचेच्या एका बाजूची ओळीतली पाच भोकं आतून जोडलेली असतात. एलईडीचे दोन्ही पाय एकाच ओळीत खोचले तर दिवा लागायचा नाही. रेझिस्टर वगळू नये. पिनवर ५ व्होल्ट येतात, लाल एलईडी त्यातले साधारण २ घेतो. उरलेल्या ३ व्होल्टना २२० ओहमने भागलं की जेमतेम १४ मिलिअँपिअर प्रवाह येतो. पिनला २० पर्यंत सहज झेपतो.

जोडणी झाली की कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहून केबलने बोर्डात पाठवायचा. त्याचे दोन भाग. ‘सेटअप’ एकदाच चालतो, ‘लूप’ वीज असेपर्यंत फिरत राहतो. लूपमध्ये पिन चालू, हजार मिलिसेकंद थांब, पिन बंद, पुन्हा थांब, एवढं लिहिलं की दिवा सेकंदासेकंदाला उघडझाप करतो.

पण कंदिलाचा उजेड मंद हवा असेल तर? इथे गंमत आहे. या पिनला ‘थोडं चालू’ ठाऊकच नाही. ५ व्होल्ट किंवा शून्य, एवढंच. मग चिप वेळेचं वाटप करते. ९ नंबरची पिन सेकंदाला सुमारे ४९० वेळा चालू-बंद होते आणि प्रत्येक फेरीत किती काळ चालू राहायचं ते आपण ० ते २५५ या आकड्याने सांगतो. पंख्याची फिरती पाती जशी सलग दिसतात, तशी ही उघडझाप डोळ्याला मंद उजेड वाटते. हीच पीडब्ल्यूएम पद्धत.

आता कंदिलाला संध्याकाळ कळू द्या. एलडीआरवर उजेड पडला की त्याचा रोध घटतो, अंधारात वाढतो. ५ व्होल्टपासून एलडीआर ‘ए-शून्य’ पिनला आणि तिथून १० किलोओहम ग्राउंडला जोडला, की ० ते १०२३ मधला आकडा मिळतो. उजेड जास्त तर आकडा मोठा. समजा, आकडा ३०० च्या खाली गेला की दिवा लावायचा, वर गेला की विझवायचा, असं ठरवलं. इथेच बहुतेकांचा कंदील लुकलुकायला लागतो. दिवा लागला की त्याचाच उजेड एलडीआरवर पडतो, चिपला वाटतं उजाडलं, ती दिवा विझवते. अंधार होतो, ती पुन्हा लावते. वायरी तपासून काही हाती लागत नाही, कारण दोष विचारात असतो. एलडीआरचं तोंड बाहेर आकाशाकडे वळवा आणि सीमा दोन ठेवा : ३०० खाली लावायचा, ५०० वर गेल्याशिवाय विझवायचा नाही.

हे आकडे मात्र उदाहरणादाखल. प्रत्येक गॅलरीचा उजेड वेगळा. तिन्हीसांजेला, बोर्डाकडून येणारे आकडे कॉम्प्युटरवर दाखवणारा सीरियल मॉनिटर उघडून स्वतःच्या गॅलरीतले आकडे टिपा आणि तेच प्रोग्राममध्ये घाला. एका एलईडीवर कागदाचा छोटा कंदील उजळतो. मोठ्यासाठी ५ व्होल्टची एलईडी पट्टी घ्या, पण ती थेट पिनला न जोडता ट्रान्झिस्टरमार्फत चालवा आणि तिला वीज वेगळ्या अडॅप्टरने द्या. बोर्ड आणि अडॅप्टर या दोघांचं ग्राउंड एकत्र जोडायला विसरू नका. घरच्या २३० व्होल्टच्या बल्बला मात्र शिकत असताना हात लावू नये.