दूरच्या संगणकावरील आज्ञावली आपल्या पडद्यावर : साधनाची निवड

भोरहून वरंधा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नीरा-देवघर धरणाच्या परिसरात हिर्डोशी हे गाव आहे. घाट उतरला की महाड लागते. महाडच्या कुणबी बोलीचे वर्णन डॉ. अमृत माधव घाटगे यांनी १९६०च्या दशकात प्रसिद्ध केले. घाटाखालच्या बोलीचे असे वर्णन हाताशी असल्यामुळे घाटावरच्या गावांतील बोली तिच्याशी ताडून पाहण्याची इच्छा अभ्यासकाला होणे स्वाभाविक आहे. या कामासाठी अभ्यासक हिर्डोशीत निवेदकासमोर बसलेला असतो. परंतु ध्वनिमुद्रणे आणि त्यांचे पृथक्करण करणाऱ्या आज्ञावली पुण्यात, विभागाच्या संगणकावर असतात. त्या आज्ञावली हिर्डोशीतील लहान संगणकाच्या पडद्यावर कशा आणाव्यात आणि त्यासाठी कोणते साधन निवडावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सर्व सामग्री प्रत्येकाने आपल्या संगणकावरच का नेऊ नये, असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले आकारमानाचे. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्यास २ बाइट या मानाने एकपदरी ध्वनिमुद्रणाच्या एका तासास सुमारे ३१ कोटी ७५ लाख बाइट लागतात. शेकडो तासांचा संग्रह बरोबर घेऊन फिरणे सोयीचे नव्हे. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. निवेदक घरातल्या, भावकीतल्या आणि शेतीवाडीच्या गोष्टी विश्वासाने सांगतो. त्याचा आवाज दहा जणांच्या संगणकांवर विखुरला, तर तो कोणाच्या हाती गेला याचा हिशेब राहत नाही. म्हणून मूळ संग्रह एका ठिकाणी ठेवून दुरून त्यावर काम करणे हेच इष्ट होय.

अशा कामाचा सर्वांत जुना आणि रुळलेला मार्ग म्हणजे 'एक्स विंडो सिस्टिम'. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९८४ साली तिचा आरंभ झाला आणि १९८७ साली तिची अकरावी आवृत्ती निघाली. आज चालते ती याच आवृत्तीची परंपरा. हिच्यातील नावे नवशिक्यास चकवितात. दूरच्या मोठ्या संगणकाला 'सर्व्हर' म्हणण्याची आपल्याला सवय असते. परंतु येथे 'एक्स सर्व्हर' आपल्या समोरच्या संगणकावर चालतो आणि दूरची आज्ञावली त्याची 'क्लायंट' ठरते. कारण सोपे आहे : पडदा, कळफलक आणि माउस ही सेवा पुरविणारा आपला संगणक असतो आणि ती मागणारी आज्ञावली दूर असते. लिनक्सवर हा सर्व्हर सामान्यतः असतोच. विंडोजसाठी व्हीसीएक्ससर्व्ह, एक्समिंग, सिगविन-एक्स, मोबाएक्सटर्म अशी साधने आहेत. ॲपलच्या मॅक संगणकासाठी एक्सक्वार्ट्झ आहे.

यांपैकी कोणते घ्यावे, हा प्रश्न बहुधा प्रथम विचारला जातो. वास्तविक तो शेवटी विचारावयाचा प्रश्न आहे, कारण ही सारी साधने एकाच पद्धतीने काम करतात. आधी पद्धत आपल्या कामास जुळते की नाही हे पाहिले पाहिजे.

दुसऱ्या गावातील माणसाकडून फोनवर रांगोळी काढून घ्यावयाची आहे, अशी कल्पना करू. एक मार्ग असा : "येथे ठिपका ठेव, येथून तेथवर रेघ ओढ," असे सांगत जावयाचे आणि मधूनमधून "ओढलीस का?" असे विचारून उत्तराची वाट पाहावयाची. दुसरा मार्ग असा : रांगोळी आपणच काढावयाची आणि तिचे छायाचित्र धाडावयाचे. एक्सची पद्धत पहिली होय. १९९८च्या सुमारास पुढे आलेल्या व्हीएनसीची पद्धत दुसरी. हिच्यात चित्र दूरच्या संगणकावर तयार होते आणि त्याचा बदललेला भाग आपल्याकडे येतो.

पहिल्या पद्धतीत तारेचे वहन किती यापेक्षा प्रश्नोत्तरास वेळ किती लागतो यावर सारे अवलंबून असते. एखादी खिडकी उघडताना ५० वेळा विचारणे व उत्तर मिळणे घडते, असे उदाहरणादाखल धरू. विभागाच्या इमारतीत एका फेरीस सेकंदाचा हजारावा भाग लागला, तर एकूण विलंब सेकंदाच्या विसाव्या भागाएवढा होतो. तो जाणवतही नाही. परंतु डोंगराआड मोबाइलच्या क्षीण संदेशावर एका फेरीस सेकंदाचा दहावा भाग लागला, तर तीच खिडकी उघडण्यास ५ सेकंद लागतात. म्हणजे पुण्यात उत्तम ठरलेले साधन हिर्डोशीत निरुपयोगी ठरू शकते, आणि त्यात साधनाचा दोष काहीच नसतो. शिवाय आजच्या पुष्कळशा आज्ञावली रेघा-ठिपक्यांच्या सूचना न देता तयार चित्रेच एक्समधून पाठवितात. त्यामुळे मूळ पद्धतीतील काटकसरही उरत नाही.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकापुढे याहून मोठी अडचण उभी राहते. एक्स विंडो सिस्टिम चित्र वाहून नेते, ध्वनी नव्हे. ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेली 'प्रात' ही ध्वनिपृथक्करणाची आज्ञावली केवळ एक्समधून उघडली, तर ध्वनीची आकृती पडद्यावर दिसते. आवाज मात्र ऐकू येत नाही. 'जग' हा शब्द घ्या. विश्व या अर्थी त्यातील 'ज' तालव्य आहे. 'जगणे' या क्रियापदाच्या आज्ञार्थी रूपात तो दंततालव्य आहे. लेखनात हा भेद दिसत नाही. तो कानाने ऐकून आणि आकृतीशी ताडूनच ठरवावा लागतो. निवेदकाला त्याचाच उच्चार ऐकवून "असेच म्हणता ना?" असे विचारावयाचे, तर आवाज गावापर्यंत पोहोचलाच पाहिजे. मूळ व्हीएनसीतही ध्वनीची सोय नाही. याउलट एक्सटूगो या साधनात ती आहे. मायक्रोसॉफ्टच्या आरडीपी पद्धतीतही आहे. मात्र विभागाच्या लिनक्स संगणकावर एक्सआरडीपी बसविले, तर ध्वनीसाठी वेगळा घटक जोडावा लागतो. येणारा आवाज मार्गात थोडा दाबला गेला तरी मोजमाप बिघडत नाही, कारण ते पुण्यातील मूळ मुद्रणावरच होत असते.

तिसरी कसोटी संपर्क तुटण्याची. साध्या एक्समध्ये तार तुटली की दूरची आज्ञावली सामान्यतः बंद पडते आणि जतन न केलेले काम जाते. एक्सटूगो, एक्सआरडीपी व व्हीएनसी यांत आज्ञावली दूरच्या संगणकावर चालू राहते. संपर्क पुन्हा जुळला की काम सोडले तेथून हाती घेता येते. हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. दिवसभर शेतावर राबलेला वृद्ध निवेदक संध्याकाळी तासभर बसतो. त्या तासात निश्चित केलेल्या शब्दसीमा आणि त्याने सुचविलेल्या दुरुस्त्या गेल्या, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याला बसवून तेच विचारणे संकोचाचे होते आणि पहिल्या उत्तरातील सहजता परत येत नाही.

देवनागरीचाही विचार केला पाहिजे. जुन्या पद्धतीत अक्षरांचे ठसे पडद्याच्या संगणकावरून घेतले जात. आता बहुतेक आज्ञावली अक्षरे दूरच्या संगणकावरच जुळवितात. तेव्हा चांगला देवनागरी टंक पुण्यातील संगणकावर असावा लागतो. हिर्डोशीतील संगणकावर तो बसवून उपयोग होत नाही. तपासणीस 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन शब्द पुरेत. टंक सदोष असेल तर मावळातल्या दऱ्यांचा समुद्र होतो! मराठी कळफलकाची योजनाही दोन्ही टोकांना एकदम सुरू ठेवू नये. एकाच टोकाला ठेवावी, अन्यथा अक्षरांचा गोंधळ उडतो.

सुरक्षिततेविषयी एक इशारा आवश्यक आहे. एक्सच्या पडद्याशी जोडलेली कोणतीही आज्ञावली सामान्यतः त्या पडद्यावरील इतर खिडक्या पाहू शकते आणि दाबलेल्या कळा वाचू शकते. म्हणून "सर्वांना प्रवेश" देणारी सोय, कोणी कितीही सुलभ म्हणून सुचविली तरी, वापरू नये. १९९५ साली निघालेल्या एसएसएच या सांकेतिक मार्गातूनच एक्स आणि व्हीएनसी न्यावे. एक्सटूगो मुळातच त्या मार्गाने जाते. निवेदकाचा विश्वास जपावयाचा म्हणून संग्रह पुण्यात ठेवला आणि वाट मात्र उघडी टाकली, असे होता कामा नये.

या विवेचनावरून निवड अशी ठरते. विभागाच्या इमारतीतच बसून एखादी आकृती पाहावयाची असेल, तर विंडोजवर व्हीसीएक्ससर्व्ह किंवा मोबाएक्सटर्म, मॅकवर एक्सक्वार्ट्झ, आणि एसएसएच एवढे पुरे. हिर्डोशीसारख्या गावातून काम करावयाचे असेल, तर एक्सटूगो किंवा एक्सआरडीपी घ्यावे. एक्सटूगोसाठी पुण्यातील संगणकावर एक्सएफसीई किंवा माटे यांसारखे हलके पटल ठेवावे. नव्या ग्नोम पटलाशी त्याचे जुळत नाही. संपर्क अगदीच क्षीण असेल, तर निवेदकाच्या संमतीने आवश्यक तेवढा, समजा ३० सेकंदांचा, तुकडा आधीच बरोबर न्यावा. तो वरील मानाने सुमारे २६ लाख बाइटचा होतो. प्रात विंडोजवरही चालते. तुकड्यावरील टिपणे मागाहून मूळ संग्रहात घालावीत आणि तुकडा पुसून टाकावा.

गावी निघण्यापूर्वी तीन परीक्षा मात्र अवश्य घ्याव्यात. मोबाइलच्याच संपर्कावरून एक शब्द ऐकून पाहावा, 'दऱ्या' लिहून पाहावे, आणि चालू कामात संपर्क मुद्दाम तोडून ते काम परत मिळते का ते पाहावे. या तिन्हींत जे साधन उतरेल ते घ्यावे. त्याचे नाव कोणते, हा प्रश्न मग गौण आहे.